खालच्या कप्प्यातला शब्द

सन्माननीय अध्यक्ष महोदय, म्हणजेच आमचे पूर्वीचे मोठे डॉक्टर. व्यासपीठावर विराजमान असलेले प्रमुख पाहुणे. संचालक मंडळाचे आदरणीय सदस्य. आपल्या नर्सिंग स्कूलच्या प्राचार्या. समस्त शिक्षकवर्ग आणि डॉक्टर मंडळी. माझ्या सर्व सिस्टर्स, वॉर्डातल्या मावशी आणि मामा. मागच्या दाराशी उभ्या असलेल्या, या क्षणी ज्यांची ड्युटी आहे आणि मेट्रननं आपल्याला पाहिलेलं नाही असं ज्यांना वाटतंय, त्या विद्यार्थिनी. आणि ज्यांच्यापायी आज या हॉलमध्ये खुर्च्या कमी पडल्या, त्या आमच्या इंग्रजीच्या बाई, आपणा सर्वांना माझा सविनय नमस्कार.

बाईंच्या निरोपाच्या निमित्तानं मला 'दोन शब्द' बोलायला सांगितलंय. बाईंच्या वर्गात बसलेल्या माणसाला दोन शब्द पुरत नाहीत, हे कार्यक्रम आखणाऱ्यांनी आधी लक्षात घ्यायला हवं होतं. तसा भाषण हा माझा पिंड नाही. मला रागावता येतं, तेही थोडक्यात. शिवाय सवय वाईट. कुठल्याही खोलीत शिरले की आधी कोण कुठे पडेल तेच दिसतं. मघाशी वर येताना पाहिलं, या व्यासपीठाला चांगल्या उंच पायऱ्या आहेत आणि धरायला काही नाही. तेव्हापासून माझं निम्मं लक्ष तिकडेच आहे. असो.

माझ्या आधीच्या वक्त्यांनी बाईंच्या व्यासंगाबद्दल फार सुंदर सांगितलं. मला तेवढं सुंदर जमणार नाही. मी आपली एका पाटीबद्दल बोलणार आहे. आपल्या रुग्णालयात प्रत्येक कॉटच्या पायथ्याशी एक पाटी आहे, ती तुम्ही सगळ्यांनी वाचलीय. 'कठडा खाली करण्यापूर्वी सिस्टरना हाक मारावी', एवढं लिहून खरं तर भागलं असतं. पण त्याखाली आणखी एक ओळ आहे: 'वेणी घालायची असली तरीही.' दर वर्षी नव्या मुली येतात, ती ओळ वाचतात आणि तोंडाला पदर लावून हसतात. पुरुषांच्या वॉर्डातही ही पाटी आहे आणि तिथे तर हसूच आवरत नाही. ही ओळ आली कुठून, हे कुणी विचारत नाही आणि आम्ही जुन्या मंडळींनी कधी सांगितलं नाही. आज सांगते. ज्यांचा या गोष्टीशी संबंध आहे त्यांना विचारूनच सांगते. अध्यक्ष महोदयांनाही विचारलंय. ते म्हणाले, "सांगा, पण तेव्हा मला केस होते हेही सांगा." तर होते. भरपूर होते.

त्याआधी बाईंचा वर्ग कसा होता, हे सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

तेव्हा नर्सिंग स्कूलला स्वतःची इमारत नव्हती. इंग्रजीचा वर्ग धुलाईघराच्या वरच्या खोलीत भरायचा. खाली मशिनं घरघरायची, जमीन थरथरायची आणि उकळत्या चादरींचा वास खिडकीतून वर यायचा. आम्ही बहुतेक जणी इंग्रजीला घाबरून असायचो. परीक्षा इंग्रजीत, औषधांवरचं लिखाण इंग्रजीत, रुग्णालयाचं दप्तर इंग्रजीत, आणि आमचं इंग्रजी म्हणजे 'येस सर' आणि 'नो सर', आणि त्यातलंही कुठलं कधी म्हणायचं याची खात्री नाही.

पहिल्या दिवशी बाई आल्या आणि एक अक्षर न बोलता फळ्यावर औषधांचं कपाट काढलं. तीन कप्पे. म्हणाल्या, "मला तुम्हाला सगळं इंग्रजी शिकवायचं नाही. तेवढं मलाही येत नाही. तुमच्या कामाला लागतील एवढे शब्द या कपाटात ठेवू."

वरच्या कप्प्यात दुखणं हलकं करणारे शब्द. स्यूद, ईज, रिलीव्ह, अलीव्हिएट, असवेज. आम्हाला वाटलं, सगळ्यांचा अर्थ एकच, मग पाच कशाला पाठ करायचे? बाई म्हणाल्या, दुखण्यावरच्या सगळ्या गोळ्या एकच असतात का? अलीव्हिएट म्हणजे दुखणं उतरतं, पण आजार आत तसाच असतो. तुम्ही दिवसभर हेच करणार आहात, म्हणून हा शब्द हाताशी ठेवा. असवेज हा भीतीवर, दुःखावर, भुकेवर चालतो. स्यूद तर नुसत्या आवाजानंही होतो. मधल्या कप्प्यात मदतीचे शब्द होते. हेल्प, एड, असिस्ट, आणि सकर. सकर म्हणजे अडचणीत सापडलेल्याच्या मदतीला धावून जाणं. आमच्यातली एक बहाद्दर कॅन्टीनवाल्याला म्हणाली होती की चहा देऊन मला सकर करा. तो बिचारा चहा द्यायचं सोडून पळाला.

आणि सगळ्यात खालच्या कप्प्यात बाईंनी ठेवले एक्झोनरेट, अ‍ॅक्विट, अब्सॉल्व्ह, एक्स्कल्पेट. म्हणायलाच जीभ वळेना. हे आळ दूर करणारे, दोषातून मोकळं करणारे शब्द. मी उभी राहून विचारलं, बाई, हे वकिलांचं, आमच्या काय कामाचं? बाईंनी माझ्याकडे न बघता हात झाडले आणि म्हणाल्या, "गरज पडेल तेव्हा शोधत बसू नये, म्हणून आत्ताच ठेवते."

कपाटाच्या खाली त्यांनी एक वेगळा खण काढला आणि त्याच्याभोवती लाल खडूनं चौकट आखली. त्यात होते पार्डन, फरगिव्ह आणि एक्स्क्यूज. म्हणजे माफ करण्याचे शब्द. सारख्या दिसणाऱ्या बाटल्या शेजारी शेजारी ठेवायच्या नाहीत, हे आम्हाला पहिल्या आठवड्यातच शिकवलेलं असतं. बाईंनी तोच नियम लावला. म्हणाल्या, "खालचा कप्पा आणि हा खण, दोन्हींनी माणूस सुटतो, म्हणून लोकांना ते सारखेच वाटतात. माफी त्याला, ज्यानं केलंय. ज्यानं केलंच नाही त्याला माफी दिलीत, तर ते चुकीचं औषध दिलंत."

बरं, हे शब्द नुसते पाठ करून बाईंचं समाधान होत नसे. त्यांची अट अशी की शब्दाला माणूस आणा. म्हणजे वॉर्डात जायचं, त्या शब्दाचा अर्थ आपल्या साध्या भाषेत एखाद्या रुग्णाला सांगायचा, आणि त्यावर तो काय बोलला ते वर्गात येऊन सांगायचं. माणसाशिवाय शब्द आणला तर बाई तो घेत नसत. आणि हा अभ्यास बाई स्वतःही करायच्या, आमच्याच बरोबर. मी पहिल्यांदा अलीव्हिएट घेऊन गेले आणि एका आजोबांचा पाय मनापासून चेपला. चेपून झाल्यावर ते म्हणाले, सिस्टर, छान वाटतंय, पण दुखतो तो दुसरा. वर्गात सांगितल्यावर सगळ्या खो खो हसल्या. बाई म्हणाल्या, अर्धा शब्द मिळाला, उरलेला उद्या आण.

आता पाटीची गोष्ट.

मी शिकून बाहेर पडले होते, अस्थिविभागाच्या वॉर्डात नोकरीला लागून फार दिवस झाले नव्हते. आमच्याकडे एक आजी होत्या, खुब्याचं ऑपरेशन झालेल्या. बारीक चणीच्या, डोक्यावर मात्र तरुण मुलीला हेवा वाटावा असे दाट पांढरे केस. त्यांची धाकटी लेक सोबत असायची. मोठा मुलगा संध्याकाळी यायचा, कपाळाला आठ्या घालून, आणि आल्याबरोबर बहिणीचं काय काय चुकलं ते वाचून दाखवायचा. पाणी गारच का, उशी इकडेच का. ती बिचारी मूग गिळून बसायची. आईचं सगळं तीच करत होती, तरी बोलणी तिलाच.

एका दुपारी मी आजींना औषध दिलं, कूस बदलून दिली, कठडा वर केला आणि पलीकडच्या कॉटवर ड्रेसिंगला गेले. थोड्या वेळानं धप्पकन आवाज आला. आजी खाली जमिनीवर. कठडा खाली. सुदैवानं खुबा वाचला, पण मनगट मोडलं. लेक त्या वेळी पाण्याच्या नळाकडून धावत आली.

संध्याकाळी मुलगा आला आणि त्यानं वॉर्ड डोक्यावर घेतला. कठडा खाली होता म्हणजे सिस्टरनं लावला नाही, आणखी कोण लावणार? आजींना विचारलं, त्या म्हणाल्या मला काही आठवत नाही. लेकीला विचारलं, ती म्हणाली मी पाण्याला गेले होते. म्हणजे खापर फोडायला माझं एकटीचंच डोकं शिल्लक राहिलं. मला वॉर्डातून काढून चादरींच्या खोलीत बसवलं. चौकशी होईपर्यंत घड्या घाला.

आता अध्यक्ष महोदयांसमोर हे सांगणं अवघड आहे, पण खरं सांगायचं तर माझ्याशी कुणीच वाईट वागलं नाही. तेच तर दुखणं होतं. मोठ्या डॉक्टरांनी मला बोलावलं, बसायला खुर्ची दिली आणि अगदी मायेनं म्हणाले, सिस्टर, माणसाकडून चूक होते. एक ओळ लिहून द्या की अनवधानानं झालं, आम्ही माफ करतो, त्या मुलाचंही समाधान होईल आणि विषय संपेल. नाही लिहिलं तर रीतसर चौकशी, आणि मग काय होईल ते माझ्या हातात नाही. वॉर्डातल्या मैत्रिणी म्हणाल्या, लिही बाई, नोकरी टिकव. घरी सासूबाई म्हणाल्या, एका ओळीनं तुझे हात झिजणार आहेत का? सगळे माझ्याच बाजूचे होते आणि माझं खरं आहे असं एकही जण म्हणत नव्हता.

आणि तुम्हाला सांगते, सगळ्यांनी तेच तेच म्हटलं की आपलं आपल्यालाच खरं वाटेनासं होतं. मी घरी दाराची कडी लावायची आणि पुन्हा उठून बघायला जायची. वाटायचं, नसेलच लावला कठडा. आपण घाईत होतो. चार लोक खोटं कशाला बोलतील? एके दिवशी चादरींची घडी घालता घालता मी कागद घेतला आणि लिहायला बसले.

त्याच दिवशी बाई आल्या. का आल्या? तर रुग्णालयाचं दप्तर इंग्रजीत असल्यामुळे चौकशीचा निर्णय इंग्रजीत करून द्यायचं काम बाईंकडे असायचं. माझी ओळ अजून यायची होती, पण निर्णयाचा मजकूर आधीच तयार होता. 'संबंधित परिचारिकेस माफ करण्यात येत आहे.' तेवढं वाक्य पार्डन हा शब्द घालून इंग्रजीत करायचं. बाईंच्या दृष्टीनं एका चहाइतकं काम. त्या माझ्यासमोर चादरींच्या ढिगावर बसल्या आणि विचारलं, कठडा लावला होतास का?

मी म्हटलं, बाई, आता नक्की आठवत नाही. सगळे म्हणतात म्हणजे...

"सगळ्यांचं मी विचारलं नाही," बाई म्हणाल्या. "तू कठडा कसा लावतेस ते करून दाखव."

तिथे कॉट नव्हती, कठडा नव्हता. मी हवेतच हात नेला. वर ओढला, खट्कन बसल्यावर एकदा माझ्याकडे खेचून पाहिला, आणि मग तळवा त्याच्यावरून फिरवला, कुणाच्या पाठीवरून फिरवावा तसा. मी असं करते हे मला स्वतःलाच माहीत नव्हतं. ते केलं आणि मला रडू फुटलं, कारण त्या दुपारी मी अगदी हेच केलं होतं. माझ्या हाताला ते आठवत होतं. बाईंनी पदरानं माझे डोळे वगैरे काही पुसले नाहीत, त्यातल्या त्या नव्हेतच. त्यांनी माझ्यासमोरचा कागद उचलला, कोरी बाजू वर केली आणि म्हणाल्या, "मी शिकवलंय ना तुला? चुकीची बाटली उचलायची नाही."

तिथून त्या तडक मोठ्या डॉक्टरांकडे गेल्या. पुढचं मला अध्यक्ष महोदयांनीच नंतर सांगितलेलं आहे. बाई म्हणाल्या, हे वाक्य मी इंग्रजीत करणार नाही. पार्डन लिहायचं तर हिनं केलंय असं आधी ठरायला हवं, आणि तुम्ही ते ठरवलेलंच नाही, तुम्ही ते नुसतं मिटवताय. डॉक्टर म्हणाले, बाई, शब्दाचा कीस काढू नका, तिच्या भल्याचंच करतोय मी. बाई म्हणाल्या, तिचं भलं करण्याआधी तिचं खरं काय ते बघा. उद्या ही कुठेही नोकरीला गेली, तर हिच्यामुळे एक म्हातारी पडली होती, हे हिच्याआधी तिथे पोचेल. डॉक्टर चिडले. त्यांना त्या वेळी केस होते आणि ते त्यांनी दोन्ही हातांनी धरले, असंही मला त्यांनीच सांगितलंय. शेवटी म्हणाले, ठीक आहे, आठवडा देतो, पण कठडा आपोआप खाली आला असं मला सांगू नका.

आता गंमत बघा. त्या आठवड्यात वर्गात खालचा कप्पा चालू होता. नेमाप्रमाणे बाईंनाही आपल्या शब्दाला माणूस शोधायचा होता. त्या एक्झोनरेट हा शब्द घेऊन गेल्या त्या थेट त्याच आजींच्या कॉटपाशी. हा योगायोग की ठरवून, हे त्या आजतागायत सांगत नाहीत. आत्ताही हसताहेत बघा.

बाईंनी त्यांना कठड्याबद्दल काही विचारलं नाही. स्टूल ओढून बसल्या आणि म्हणाल्या, आजी, माझ्या मुलींचा अभ्यास आहे, जरा मदत करा. तुमच्यावर कधी न केलेल्या गोष्टीचा आळ आला होता का?

आजींनी जरासुद्धा विचार केला नाही. लहानपणीची गोष्ट सांगितली. घरातला आरसा भावानं फोडला आणि वडिलांनी हिला धरलं. आई मध्ये पडली, म्हणाली जाऊ द्या, लहान आहे, माफ करा. वडिलांनी माफ केलं. भाऊही गेला, आई-वडीलही गेले, पण मी फोडला नव्हता हे कुणी म्हणालंच नाही. आजी म्हणाल्या, मार विसरले असते हो, ती माफी नाही विसरता आली.

बोलता बोलता आजींचा हात कठड्यावर गेला. मग म्हणाल्या, "त्या सिस्टरचंही असंच होईल का हो? माझ्याएवढी झाल्यावर?"

बाई म्हणाल्या, "होईल."

एवढंच म्हणाल्या. आणि तेव्हा आजींनी सांगितलं. दुपारी लेक वेणी घालत होती. कठडा मध्ये येत होता म्हणून तिनं तो खाली केला. वेणी अर्धी झाली, आजींना तहान लागली, ती पाण्याला गेली आणि कठडा तसाच राहिला. आजी आपणच केस सारखे करायला वळल्या आणि तोल गेला. मुलाला कळलं असतं तर त्यानं बहिणीला फाडून खाल्लं असतं. म्हणून आईनं तोंडात मिठाची गुळणी धरली, आणि आईनं धरली म्हणून लेकीनं धरली. आजी हात जोडून बाईंना म्हणाल्या, सिस्टरला सोडवा, पण माझ्या पोरीला अडकवू नका. बाई म्हणाल्या, मी काहीच करणार नाही. तुम्ही मला सांगितलंत तेच तुमच्या लेकीला सांगा, आरशासकट.

दुसऱ्या दिवशी भेटीच्या वेळी मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत तो मुलगा बसलेला होता, माझी ओळ का येत नाही म्हणून विचारायला. मलाही बोलावलं होतं, बाईही होत्या. आणि दार लोटून त्याची बहीण आत आली. हातात कंगवा. कुणाकडे न बघता म्हणाली, "कठडा मी खाली केला होता. वेणी घालायला. सिस्टरनं लावलेला होता."

भाऊ ताडकन उठला. तो तोंड उघडणार एवढ्यात डॉक्टर म्हणाले, तुम्ही बसा, आणि आता तुम्ही काही बोलायचं नाही. अध्यक्ष महोदय, त्या क्षणासाठी मी तुमची आजन्म ऋणी आहे. माझ्यासाठी नाही, तिच्यासाठी. मग ते बाईंकडे वळले आणि म्हणाले, बाई, द्या तुमचा शब्द.

बाईंनी दिला, एक्झोनरेट. शिवाय हट्ट धरला की आळ वॉर्डात आला, तर निर्णयही वॉर्डातच वाचला जाईल, इंग्रजीत आणि आपल्या भाषेत, सगळ्या कॉटना ऐकू जाईल असा. 'परिचारिकेने कठडा लावलेला होता. तिचा कोणताही दोष नव्हता.' कठडा कुणी काढला, ते त्यात नव्हतं. माझा जीव भांड्यात पडला. पलीकडच्या कॉटवरचे एक गृहस्थ, ज्यांनी मला तीन वेळा काय बेफिकीर मुली आहेत म्हणून ऐकवलं होतं, ते दुसरीकडे बघू लागले.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. माझ्यापुरती संपलीही होती. पण जिन्यात बाईंनी मला थांबवलं. म्हणाल्या, तुझा शब्द तुला मिळाला. आता त्या मुलीचं काय? मी म्हटलं, तिचं काय असायचंय, तिच्यापायी मी चादरी मोजत बसले होते. बाई म्हणाल्या, तिनं केलंय. लाल चौकटीतली बाटली तिच्यासाठीच आहे, आणि ती देणारी माणूस तू एकटीच आहेस. मी देणार नाही म्हणाले. मला राग होता आणि तो खरा होता. बाई म्हणाल्या, बरं. आणि चालू लागल्या. त्या कधी आग्रह करत नाहीत, हीच त्यांची जबरदस्ती आहे.

मी वॉर्डात परत रुजू झाले. आजींच्या कॉटपाशी गेले तर केसांचा नुसता गुंता झालेला. आजी पडल्या त्या दिवसापासून लेकीनं केसांना हातच लावला नव्हता. कंगवा उशाखाली. ती मला बघून उठून उभी राहिली. मी कठड्याची खीळ काढली आणि कठडा खाली केला. ती दचकली. मी म्हटलं, "घाला वेणी. मी उभी आहे."

ती रडत रडत वेणी घालत होती आणि आजी मान सरळ धरून बसल्या होत्या, फोटो काढायला बसावं तशा. मी कॉटला टेकून उभी. वेणी झाली, मी कठडा वर केला, खेचून पाहिला. माझा राग कुठे गेला ते मला कळलं नाही. पण गेला.

पाटीची ओळ त्यानंतर मोठ्या डॉक्टरांनी घातली. इतकं रीतसर आणि इतकं वेडगळ वाक्य तेच लिहू शकतात. आजी आता नाहीत. त्यांच्या लेकीला परवा फोन केला आणि विचारलं की हे चारचौघांत सांगू का. ती म्हणाली, सांगा सिस्टर, आणि बाईंना माझा नमस्कार सांगा. बाई, नमस्कार सांगितला.

बाई, तुम्ही आमच्या कित्येक बॅचेसना इंग्रजी शिकवलंत. त्यातल्या काही आज दूरदेशी मोठमोठ्या रुग्णालयांत आहेत आणि माझ्यापेक्षा फर्डं इंग्रजी बोलतात. माझे उच्चार आजही तुमच्या कपाळाला आठ्या आणणारे आहेत. पण कुणावर आळ आला की मी आज मेट्रनच्या खुर्चीवरून पहिला प्रश्न तोच विचारते, केलंय का? मग ठरवते कुठला कप्पा उघडायचा. हे मी तुमच्याकडून घेतलं, आणि ते परत करण्याचा माझा विचार नाही. त्या दिवशी तुम्ही आला नसतात तर मी ती ओळ लिहिली असती. नोकरी टिकली असती बहुधा. आज बोलतेय ती बाई मात्र वेगळी असती, आणि मला ती आवडली नसती.

आता आभार. मला बोलू दिल्याबद्दल संयोजकांचे, टक्कल आणि सत्य दोन्ही मोकळेपणानं मिरवणाऱ्या अध्यक्ष महोदयांचे, आणि इतका वेळ खोकला दाबून ऐकणाऱ्या तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. शेवटी, बोलण्यात काही उणं-अधिक झालं असल्यास क्षमा असावी, असं म्हणून खाली बसायची रीत आहे. पण बाई समोर बसलेल्या असताना मला हे असं सरसकट म्हणता येत नाही. तर मी जास्त वेळ घेतला, हे मी केलंय. त्याची माफी असावी. व्यासपीठावरच्या मान्यवरांचे केस काढले, तेही मीच केलंय, त्याचीही असावी. चहा गार झाला त्यात मात्र माझा दोष नाही, तो माझ्या आधीच्या वक्त्यांचा आहे. त्यातून मला खालच्या कप्प्यातल्या शब्दानं मोकळं करावं, ही विनंती.

आणि बाई, सत्कार झाल्यावर सगळे तुमच्याभोवती गर्दी करतील, फोटोसाठी इकडे या, तिकडे या म्हणतील. या पायऱ्यांना कठडा नाही. उतरताना घाई करू नका. मी उभी आहे.